हणमंतरावांचा मोकळा हॉल

"काका, हॉल मोकळा आहे ना?" सोमेश हालकुडेनं फोनवर विचारलं.

"मोकळाच हाय की," चाकूरहून हणमंतराव म्हणाले. "जायला-यायला मधनं वाट ठिवलीय."

हे उत्तर ऐकून कुणाही शहाण्या माणसानं त्याच क्षणी गाडी काढून चाकूर गाठलं असतं. पण सोमेश त्या दिवशी इतका खुशीत होता, की त्यानं 'मोकळाच' एवढा शब्द उचलला आणि उरलेलं वाक्य सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या एका गृहसजावटीच्या मासिकासाठी त्या हॉलचे फोटो काढले जाणार होते. लातुरात ऑफिस टाकल्यापासून तो याच दिवसाची वाट बघत होता.

सोमेश मूळचा उदगीरचा. पुण्यात शिकला आणि परत येऊन लातूरला औसा रोडवर एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर ऑफिस थाटलं. बोर्डावर 'इंटिरिअर डिझायनर' असं लिहिलं होतं, पण लोक त्याला 'पीओपीवाले हालकुडे' म्हणत. त्याचं एकच मत होतं आणि गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत तो ते सांगायला लागे. घर म्हणजे सामान नव्हे, सामान ठेवून जी जागा उरते ते घर. माणूस त्या उरलेल्या जागेत राहतो. म्हणून कुठलंही काम हाती घेतलं, की आधी तो त्या रिकाम्या घरात दिवसभर फरशीवर बसून राही. ऊन कुठून आत आलं, कुठवर गेलं, वारा कुठे अडला, एवढंच बघे. टेप लावायचा तो दुसऱ्या दिवशी. गवंडी आणि सुतार त्याला बघून एकमेकांना खुणा करत. "सायब ध्यानाला बसलेत," म्हणत आणि आवाज न करता तंबाखू मळत.

लातूरकरांना मात्र ही उरलेली जागा बघवत नसे. डॉक्टरांना वेटिंगच्या भिंतीवर धबधबा हवा असे. क्लासवाल्या सरांना छतात जांभळे लाइट आणि समोर स्वतःचा फोटो. सोमेश कागदावर कोरी भिंत काढून घेऊन जायचा आणि परत यायचा तेव्हा त्या भिंतीवर शोकेस आलेलं असायचं, शोकेसवर मोर. मोर न करावा तर सुतारांना काय द्यायचं, म्हणून तो मोर करत गेला. ते चांगले झाले, त्यामुळे आणखी मोर आले. त्याची बायको शिवानी म्हणे, "तुमचं मत लई चांगलं हाय, पण आपल्या घरात कपाट उघडायचं तर आधी खुर्ची उचलून गॅलरीत न्यावी लागती. तेवढं एक बगा." त्याला वाईट वाटे. बायकोच्या बोलण्याचं नाही, वय चाललं आणि मनासारखी एक खोलीही हातून झाली नाही, याचं.

आणि मग हणमंतरावांच्या घराचं काम आलं. हणमंतराव चाकूरचे मोठे शेतकरी. गावाबाहेर त्यांनी नवं घर बांधायला काढलं होतं. त्यांचा मुलगा दयानंद हैदराबादला नोकरीला. त्यानं फोनवर सांगितलं, "सर, तुम्हाला पाहिजे तसं करा. मोर नको, बाकी सगळं तुमच्यावर. बाबांना मी समजावतो." हे ऐकून सोमेशनं फोन ठेवला आणि टेपसुद्धा न घेता निघाला.

तो चाकूरला गेला आणि स्लॅब पडलेल्या हॉलमध्ये नेहमीप्रमाणे दिवसभर बसला. पूर्वेच्या बाजूला पत्र्याचं मोठं शेड होतं. ते ऊन अडवत होतं.

"काका, हे शेड पाडा."

"त्यात सुगीचा माल असतो, सोमेशप्पा."

"माल काय, कुठंही ठेवता येतो. ऊन कुठंही ठेवता येत नाही."

हणमंतरावांना हे बोलणं आवडलं. त्यांनी ते चार लोकांना सांगितलं आणि शेड पाडलं. त्या जागी पूर्वेला भिंतभर खिडकी आली. सोमेशनं हॉलची जमीन उंच घेतली, खाली ओल येऊ नये म्हणून दगडाचा भराव घातला, वर समोरासमोर झरोके ठेवले म्हणजे वारा खेळता राहावा. खाली शहाबादी फरशी, वर चुन्याच्या पांढऱ्या भिंती. बस्स. एक कोनाडा नाही, खिळा नाही. वास्तुशांतीला आलेले पाहुणे हॉलमध्ये येत, चारी बाजूंना बघत आणि हळूच विचारत, "फर्निचर कवा येणार?" हणमंतरावांच्या पत्नी सिंधुकाकू त्यांना धीर देत, "येईल की. दिवाळीपर्यंत भरंल सगळं."

सोमेश ते ऐकून हसला. त्याच दिवशी फोटो काढून घ्यायला काय हरकत होती? पण त्यानं हिशेब केला होता की थंडीत सूर्य तिरका झाला, म्हणजे सकाळचं ऊन खिडकीतून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचेल आणि सगळा हॉल भरून जाईल. मासिकवाल्यांना त्यानं थंडीची तारीख दिली. हॉल भरून जाणार, हा त्याचा अंदाज बरोबर निघाला.

दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा भाव पडला. हणमंतराव पडत्या भावात माल विकणाऱ्यातले नव्हते. माल घरी ठेवायचा, वाट बघायची आणि सगळ्यांच्या आधी बाजार ओळखायचा, यात त्यांचं नाव होतं. पण ठेवायचा कुठे? शेड तर पाडलेलं.

फोटोच्या दिवशी सकाळी सोमेश चाकूरला पोचला, दार उघडलं आणि दारातच थांबला. फरशी दिसत नव्हती. भिंती दिसत नव्हत्या. जमिनीपासून झरोक्यापर्यंत सोयाबीनची पोती रचलेली होती आणि मधून, हणमंतरावांनी सांगितल्याप्रमाणे, जायला-यायला वाट होती. खिडकीतून येणारं ऊन पहिल्याच थप्पीला धडकून तिथंच थांबत होतं.

"या, या सोमेशप्पा," हणमंतराव वाटेच्या त्या टोकाहून म्हणाले. "काय हॉल केलाव हो तुमी. एवढा माल, पण एका पोत्याला ओल न्हाई. हवा कशी खेळून राहिली बगा."

"सगळं तुमचंच आहे?" सोमेशनं कसंबसं विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं म्हणून.

"तीन थप्प्या आपल्या. पलीकडच्या भावकीच्या. त्यांच्या घरी ओल येती, आपल्याकडं जागा हाय मनलं, टाका."

सिंधुकाकू चहा घेऊन आल्या. "हॉल रिकामा होता तवर मला जेवन गोड लागत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता कसं घर भरल्यावानी वाटतंय."

सोमेशला रडूच यायचं बाकी होतं. त्यानं चहा बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. पुण्याचं मासिक, आजचे फोटो, आजवर केलेले मोर, आणि ही एकच खोली जी त्याला हवी तशी झाली होती. हणमंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी ते उठले.

"आसं हाय व्हय? मग आधी का न्हाई मनलाव? तुमी आमच्यासाठी एवढं केलं. फोटो व्हईपर्यंत माल भायेर काढू, मग परत लावू. त्यात काय."

त्यांनी धान्याच्या मोंढ्यातून हमाल बोलावले. सोमेशला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पोती एकेक करून बाहेर निघाली आणि घरासमोर रस्त्याच्या कडेनं रचली जाऊ लागली. सोमेश हातात खराटा घेऊन प्रत्येक थप्पीमागची फरशी झाडत होता. फोटोग्राफर धम्मप्रिया मूळची नांदेडची. पुण्याहून आदल्या दिवशी घरी आली होती आणि आता तिकडून गाडीनं निघाली होती. तिचा फोन आला, "सर, अहमदपूर सोडलंय. ऊन मस्त आहे." सोमेशचा जीव भांड्यात पडला.

पण हणमंतरावांच्या घरासमोर पोती दिसणं ही चाकुरात साधी गोष्ट नव्हती. पहिला मोटारसायकलवाला थांबला, पोत्यांकडे बघितलं आणि काही न विचारता आला तसा परत फिरला. थोड्या वेळात गावभर झालं, की हणमंतरावानं माल काढला. आता हणमंतरावानं माल काढला याचा अर्थ भाव आणखी पडणार हे कुणाला सांगायची गरज नव्हती. ज्याच्या-ज्याच्या घरात सोयाबीन होतं, त्यानं ट्रॅक्टर जोडला. ज्यांची पोती हॉलमध्ये होती, ती भावकी तर थेट दारात आली. पुढे हणमंतरावांचे चुलतभाऊ दत्तात्रय.

"दादा, इकायचं होतं तर आमाला एका शब्दानं सांगायचं होतं."

"आरं, इकून कोन राहिलंय? फोटो काढायचाय हॉलचा."

"कशाचा फोटो?"

"रिकाम्या हॉलचा," सोमेश पुढे होऊन म्हणाला. "पुण्याच्या मासिकात येणार आहे."

दत्तात्रयांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रिकाम्या खोलीचा फोटो कोन काढतंय? आन् तो बगायचा कुनी?"

या प्रश्नावर बाहेरच्या लोकांनी माना डोलावल्या. एकानं तर सोमेश हा लातूरच्या कुठल्यातरी तेलमिलचा माणूस आहे आणि सौदा करायला आलाय, असं ठामपणे सांगितलं. त्याच्या हातातल्या खराट्याचा अर्थ कुणी विचारला नाही.

बाहेर वाद वाढत गेला आणि आत शेवटचं पोतं निघालं. सोमेश हॉलमध्ये आला. दार लोटून घेतलं. फरशी स्वच्छ होती, आणि ऊन खिडकीतून उतरून, सगळी फरशी ओलांडून, मागच्या भिंतीवर चढलं होतं. त्यानं कागदावर रेघ मारली होती, तिथंच थांबलं होतं ते. बाहेरचा आवाजही आत येईनासा झाल्यासारखा वाटला. याच खोलीसाठी त्यानं एवढी वर्षं घालवली होती.

तेवढ्यात फोन वाजला. "सर, मी चाकुरात आहे पण पुढं जाता येईना," धम्मप्रिया म्हणाली. "सगळ्या रस्त्यात ट्रॅक्टर आहेत. सोयाबीन. आज बाजार आहे का?"

"नाही, नाही, तुम्ही डाव्या हातानं या, शाळेच्या मागून," सोमेश दाराकडे तोंड करून, दुसऱ्या कानात बोट घालून ओरडत होता. "तिथंही ट्रॅक्टर आहेत? मग गाडी सोडा, चालत या. नाही, कॅमेरा घेऊन. मी येऊ का घ्यायला?"

हे सगळं बोलणं होईपर्यंत तो खोलीकडे पाठ करून उभा होता. ज्या फोनवर तो बोलत होता, त्यात चांगला कॅमेरा होता. निदान एक फोटो त्यानं काढायला हवा होता. ते सोडा, निदान वळून बघायला हवं होतं. पुढे त्याला याचीच सगळ्यात जास्त हळहळ वाटत राहिली.

दार उघडलं आणि खांद्यावर पोतं घेतलेला हमाल आत आला. त्याच्यामागे दुसरा. त्यांच्यामागे हणमंतराव, घामाघूम.

"सोमेशप्पा, माफ करा," ते हात जोडून म्हणाले. "भावकी ऐकून घेईना. मी गुपचूप माल इकलालोय मनतेत. एवढ्या वर्षांत कुनी मला खोटं मनलं न्हाई हो. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर माल आत गेला पायजे, त्याबगर कोन घरी जात न्हाई."

"काका, फक्त थोडा वेळ. ती पोचतच आहे."

"तुमी मागितलं तर मी घर देईन. पर आज थोडा वेळ न्हाई माझ्याकडं."

त्यांचा चेहरा बघून सोमेश खराटा घेऊन बाजूला झाला. भावकीनंही हात लावला आणि थप्प्या भराभर पुन्हा उभ्या राहिल्या. आता लोक बघत होते म्हणून हमालांनी त्या जास्तच नीट लावल्या. जायला-यायची वाटही या वेळी ठेवली नाही, माल परत बाहेर निघेल असा संशय नको म्हणून.

धम्मप्रिया चालत आली तेव्हा शेवटचं पोतं चढत होतं. तिनं दारातून आत बघितलं. मग सोमेशकडे बघितलं.

"सर, हॉल हाच?"

"हाच."

तिनं शांतपणे कॅमेरा काढला, दोन-तीन फोटो घेतले आणि कॅमेरा परत ठेवला. "मला दिसतं ते मी काढते, सर," ती म्हणाली. "पण मासिकवाले हे छापणार नाहीत. पुढच्या थंडीत मोकळा असेल का?"

सोमेशनं हणमंतरावांकडे बघितलं. हणमंतरावांनी आकाशाकडे बघितलं. "पुढच्या साली पीक चांगलं हाय मनतेत," ते म्हणाले. मासिकाचा विषय तिथंच संपला.

हॉलचा फोटो मात्र सगळीकडे गेला. गावातला संशय पुरता मिटावा म्हणून हणमंतराव सगळ्यात उंच थप्पीवर चढून बसले आणि फोटो काढून 'माल घरातच हाय' असं लिहून मोबाइलच्या स्टेटसला टाकला. तो भावकीनं पुढे पाठवला, भावकीच्या पाहुण्यांनी आणखी पुढे. तो बघून हणमंतरावांच्या इमानदारीबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण बाहेरगावी त्यात कुणाला शंका नव्हतीच. लोकांनी विचारलं ते एवढंच, की हा हॉल केला कुणी?

पहिला फोन शिरूर अनंतपाळहून आला. शरणप्पा नावाचे कुणी होते. "साहेब, आमाला हॉल पूर्ण रिकामा पायजे," ते म्हणाले. "कोनाडा न्हाई, शोकेस न्हाई. भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई."

हे शब्द ऐकायला सोमेशनं अर्धं आयुष्य घालवलं होतं. "का हो?" त्यानं उगाच विचारलं.

"खिळ्याला पोतं फाटतंय."

मग निलंगा, अहमदपूर, पार बिदरच्या हद्दीपर्यंतची गावं. आता घर म्हणजे काय हे सोमेशला कुणाला समजावून द्यावं लागत नव्हतं. लोकच त्याला सांगत की वारा खेळता पाहिजे, फरशी उंच पाहिजे आणि खोलीत काही म्हणजे काही नको. पुढे त्याची फरशीवर दिवसभर बसायची सवय सुटली, कारण उन्हाची चौकशी कुणी करत नव्हतं. मोर बंद झाले. ऑफिसला एसी बसला. शिवानीनं घरात नवं कपाट घेतलं आणि त्याचं दार पूर्ण उघडतं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवलं. सोमेशच्या हातून एकापेक्षा एक देखण्या, मोकळ्या, उजेडानं भरलेल्या खोल्या झाल्या, आणि सुगी झाल्यावर त्यातली एकही कधी कुणाला दिसली नाही. तो पुन्हा त्या घरांकडे फिरकत नसे.

एक दिवस दुपारी एक वयस्क बाई जिना चढून ऑफिसात आल्या. हातात कापडी पिशवी. सोमेश टेबलावर नकाशा पसरून काम करत होता. सुगी तोंडावर आली होती आणि सगळ्यांनाच घाई होती.

"साहेब, मी जळकोटहून आले. मला घरात एक खोली रिकामी करून पायजे. काय सुदीक ठिवायचं न्हाई तिच्यात."

सोमेशनं मान वर न करता पेन्सिल उचलली. "किती पोत्यांची?"

बाई समोरच्या खुर्चीत टेकल्या. मग त्या म्हणाल्या, "पोती न्हाईत माझ्याकडं. शेतीच न्हाई."

सोमेशनं वर बघितलं.

"दवाखान्यात नर्स होते मी," त्या पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच झाली होती. "दोन खोल्यांच्या क्वार्टरात जन्म गेला. भाचे-पुतने शिकायला, त्यांच्या ट्रंका, पुस्तकं, अंथरुनं. पाय ठिवायला जागा नसायची. आता समदे आपापल्या घरी गेले. मला वाटलं, एक खोली आशी असावी, सकाळी उठून तिच्यात नुसतं बसावं. ऊन बगत."

सोमेशला एकदम सगळं सांगायचं होतं. की तेच माझं काम आहे, त्याच्यासाठीच मी हे ऑफिस उघडलं, मी उद्याच येतो, दिवसभर बसतो, पैसेही नकोत. पण इतकं सगळं एका वेळी तोंडाशी आलं, की त्यातलं काहीच बाहेर पडेना. नकाशा आवरताना त्याची पेन्सिल टेबलाखाली पडली आणि तो ती शोधायला वाकला.

"राहू द्या साहेब," त्या उठत म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी कामाचे मानूस. लोकांचा माल उघड्यावर पडंल. माज्या रिकाम्या खोलीत तुमचा टायम कशाला?"

"नाही, बसा ना, ऐका तर," तो टेबलाखालून म्हणाला.

तो बाहेर येईपर्यंत त्या जिना उतरल्या होत्या. तो मागोमाग धावला. रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं. ऑटो, मोटारसायकली, उसाचा एक ट्रक. नाव विचारायचं राहिलं होतं. फोन नंबरही घेतला नव्हता. जळकोटला निवृत्त नर्स कोण, असं विचारत फिरता आलं असतं, आणि आठवडाभर तो तसा फिरलाही. पण लोक त्याला ओळखून आपापल्या घरात नेत आणि पोती कुठे ठेवायची ते दाखवत.

त्या दुपारी तो मेडिकलसमोर उभा असतानाच खिशातला फोन वाजला. देगलूरचं कुणीतरी होतं. हॉल पूर्ण मोकळा पाहिजे म्हणत होतं, अगदी काही नको, नुसता हॉल.

सोमेशनं रस्त्याकडे बघत "हो" म्हटलं आणि दार किती रुंद ठेवायचं ते विचारलं.